दोन मॉनिटरच्या मधली जागा

बायको गेल्यापासून हुडको कॉलनीतलं हे घर मले खाले उठते. त्यात पुण्याची पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, आठ दिवस तिथूनच ऑफिसचं काम करून पाहते. जमलं तर दर महिन्याले येत जाईन." मी त्याच दिवशी पावर हाउसच्या बाजारात जाऊन दोन मॉनिटर घेऊन आलो. तिले दोन लागतात.

टेबल मीच लावला. मॉनिटर दोन बाजूले, मधे हातभर जागा मोकळी. जिंदगी गेली आपली रोलिंग मिलच्या कंट्रोल रूममधे. तिथं स्क्रीन असेच ठेवतो आम्ही, मधल्या काचेतून खालचं लाल लोखंड डोळ्यानं दिसलं पायजे म्हणून. नुसत्या स्क्रीनवर कोणी भरोसा ठेवते का बाप्पा! आन् खरं सांगू? त्या मोकळ्या जागेसमोर मी माझी वेताची खुर्ची ठेवली. मान वर केली का तिले बाप दिसावा, एवढीच हौस.

पोरगी आली, टेबल पाहून हसली. "बाबा, मधे एवढी जागा कावून सोडली? दिवसभर मान फिरवून फिरवून मरीन ना मी!" दोन्ही मॉनिटर तिनं चिकटवून टाकले. मीही हसलो.

मंग मले दिसे फक्त मॉनिटरची पाठ, वायरी, आन् वर तिचा अंबाडा. मी खुर्चीतच बसून राहो. ती हसली का वाटे, माह्याशी बोलून राहिली. ते मीटिंगमधलं हसणं. चहा विचारला तर मागून हात वर येई, थांबा म्हणून. राग येई, खोटं कावून बोलू. घरात पोरगी असून मी एकटाच.

जाताना बॅग उचलत म्हणाली, "नेट अटकते बाबा इथं. पाहू पुढं."

"हो, पाहू," म्हटलं. नेट एकदाही अटकलं नव्हतं. मी समोरच तर बसलो होतो.

स्टेशनवरून आलो, मॉनिटर पुन्हा दूर केले आन् तिच्या जागेवर बसलो. मधून माझी खुर्ची दिसली. बसून बसून खोल गेलेली, हातावर पंचा टाकलेला. आपल्याकडेच पाहत बसलेला बाप दिवसभर समोर ठेवून कोणाच्यानं काम होईल?

उठलो. खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवली, मॉनिटर चिकटवले आन् तिले फोन लावला.

"बेटा, नेटवाल्याले बोलावलं आहे. दुसरं नेट लावून राहिलो."