तुळशीपाशी कॅमेरा

आमच्या खालच्या मजल्यावर लग्नांचं शूटिंग करणारे एक गृहस्थ राहतात. जिन्यात भेटले तरी मान कलती करून, एक डोळा बारीक करूनच बघतात. लहान मुलांशी बोलायचं तर आधी उकिडवे बसतात. "वरून बघायला सीसीटीव्ही आहे की," म्हणतात.

माझ्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग त्यांच्याकडेच होतं. आमच्यात मुहूर्ताला मुलीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालायला जाते. कार्यालयाच्या मागच्या अंगणात मी तांब्या घेऊन एकटीच उभी होते. बघते तर हे गृहस्थ चक्क फरशीवर आडवे, कॅमेरा माझ्याकडे रोखलेला.

"अहो, अक्षता तिकडे पडतायत!"

"तिकडच्या कॅमेऱ्यावर आमची ही आहे. तुम्ही पाणी घाला. माझ्याकडे बघू नका."

महिन्याभराने सगळे घरी टीव्हीसमोर जमलो. अंतरपाट, मंगलाष्टकं, दोन्हीकडची गर्दी. आणि शेवटच्या "सावधान"ला एकदम मी! खालून घेतलेली, तुळशीहून उंच, मागे नुसतं आकाश. मग जवळून फक्त माझा चेहरा, पडदाभर. मुलीने खणखणीत शिट्टी मारली.

आजवर घरातल्या प्रत्येक फोटोत मी कडेला आहे, हातात ताट, अर्धी कापलेली.

जावयांनी रिमोट उचलला. "आई, पुढे घेऊ?"

"मागे घ्या," मी म्हटलं. "आणि आवाज वाढवा."