बांधावरच्या कॅमेऱ्याचा निकाल

आमच्या मावसांइतका चटकन अपमान होणारा माणूस उभ्या तापीकाठी सापडायचा नाही. विसरवाडीच्या फाट्यावर एसटी त्यांच्यापासून दहा पावलं पुढे जाऊन थांबली, तर "मी काय तिन्हा मांगे पळू?" म्हणून त्यांनी ती सोडून दिली आणि दोन तास पुढच्या बसची वाट पाहिली. भाच्याच्या लग्नपत्रिकेत धाकट्या भावाचं नाव आधी छापलं, तर हे लग्नाला गेले, अक्षता टाकल्या आणि भर मांडवात घरचा डबा उघडून जेवले. मोबाइल बाळगत नाहीत, कारण एकदा त्यातल्या बाईने 'कृपया नंबर तपासून पाहा' असं सुनावलं होतं. गेल्या वर्षी केळीत चक्कर येऊन दुपारपर्यंत एकटे पडून राहिले, तरी मोबाइल नाहीच. मावशीने तेव्हापासून जो धसका घेतला तो घेतलाच.

अशा माणसाच्या मळ्यात कॅमेरा बसवण्याची दुर्बुद्धी मला झाली. रानडुकरं केळी उलथवत होती, म्हणून काडेपेटीएवढा एक कॅमेरा मी बांधावरच्या खांबाला लावला. तो एका सेलवर महिनोन्महिने चालतो आणि फोटो काढून ठेवत नाही. स्वतःच बघतो, स्वतःच ठरवतो. माणूस असेल तर गप्प बसतो आणि जनावर असेल तर घरी मावशीच्या मोबाइलवर घंटी वाजवतो. पहिल्याच सकाळी सहाला घंटी वाजली: 'जनावर आले.' मळ्यात तर मावसांशिवाय कोणी नव्हतं. चाळीस वर्षं केळीचे घड वाहून त्यांची पाठ पार आडवी झालीय, एवढं त्या डबीला कळेना!

मग काय विचारता. "मन्हा फोटो दखाड," ते माझ्यावर कडाडले. फोटो नसतो म्हटल्यावर तर भडकाच उडाला. "साक्ष नही, पुरावा नही, आन् एकदम निकाल? मी काय डुक्कर शे का?" मलाही संताप आला. ज्याने ती बाग उभी केली त्यालाच त्याच्या बांधावर जनावर ठरवायचं, आणि दाद मागायला फोटोसुद्धा शिल्लक ठेवायचा नाही! मावसा धुतलेलं धोतर नेसून गेले, टोपी घालून गेले, एकदा तर मतदार ओळखपत्र पुढे धरून उभे राहिले. उत्तर तेच. मी कंपनीला कडक पत्रं लिहिली. शेवटी त्यांचा माणूस आला आणि वाकलेला माणूसही माणूसच असतो, हे त्याने कॅमेऱ्याला एकदाचं शिकवलं. मावसांनी गावभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मावशी अनवाणी, धापा टाकत मळ्यात आली. रोज सहाला घंटी वाजली की "चला, पोची गयात" म्हणायची, मगच तिच्या घशाखाली चहा उतरायचा. त्या दिवशी घंटी वाजलीच नव्हती. "तुम्ही माणूस व्हई गयात, आन् मन्हा जीव जात व्हता," एवढंच बोलली आणि बांधावर बसून रडली.

दिवाळीत मी गेलो तेव्हा मात्र मावशी खुशीत होती. "तो कॅमेरा परत बिघडी गया. बरं झायं," म्हणाली. मला कंपनीचा असा राग आला की काय सांगू! सकाळी मावसांबरोबर मीही मळ्यात निघालो. खांबापाशी येताच ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि काठी बाजूला ठेवली. "तू तिकडे दख," माझ्यावर खेकसले. मी केळीकडे तोंड केलं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं ते दिसलंच. मावसा दोन्ही हात मातीला टेकून, चार पायांवर, खांबासमोरून सावकाश चालले होते.

उठून त्यांनी हात झटकले, टोपी नीट केली. "आते चहा पी लेई ती," ते म्हणाले. "घर सांगू नको."