छताला पाडलेलं भोक

विट्याकडच्या एका घराचं छत अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. लढाईची वर्षं होती, पावसाळ्याचे दिवस. पोलिसांत बायका मोजक्याच. बाईचा जबाब घ्यायचा असला की मला धाडत.

त्या घरातल्या बाईच्या दिरानं चौकीत वर्दी दिली होती : भावजयीनं पहारीनं छत फोडलं, आईला गाडायचा डाव होता. भावजयीचा नवरा पलटणीत, लांब मुलखात. फौजदारांनी पहार जप्त केली होती, अटकेचीही तयारी होती.

"भोक तू पाडलंस?" मी भावजयीला विचारलं.

"व्हय. म्याच पाडलं."

फौजदारांच्या लेखी काम संपलं. मी म्हटलं, खोली बघू.

माळवदाचं घर. तुळया, त्यावर फळ्या, वर मातीचा थर. फळ्यांवर तांबूस डाग होता आणि त्याच्या कडेनं कोळशाची रेघ. तिच्याबाहेर दुसरी, त्याबाहेर आणखी एक. तुळईला नवा टेकू. भोकाखाली गढूळ पाण्यानं भरलेलं घंगाळ. सासूची बाज आणि धान्याची कणगी मात्र बाहेर सोप्यात. जीव घ्यायला निघालेली बाई खाली घंगाळ ठेवते?

"रेघा कसल्या?"

"डाग वाढतोय का बघत हुते. वाढला. भाऊजींना म्हनलं, वर जाऊन बघा. वाटणीत शिडी त्यांच्याकडंच गेलीय. तर म्हनले, बाईमानसाला छतातलं काय कळतंय! काल फळी फुगून खाली वाकली. आत्याबाईंना भायेर काढलं, टेकू दिला, मग फटीत पहार घातली. पानी एका जागी उतरलं तर बरं, न्हाईतर समदंच खाली आलं असतं."

मी दिराकडं शिडी मागितली.

"आवं बाईसाहेब, वर काय न्हाई. कडबा हाय नुस्ता."

पदर खोचून मी चढले. कडब्याची गंजी नेमकी भावजयीच्या खोलीवर रचलेली. पेंढ्या बाजूला सारल्या, तर पाणी बाहेर टाकणारी पन्हळ खाली पार बुजलेली आणि भोवती तळं. मी ते वरूनच ओरडून सांगितलं.

"छत कुणी फोडलं रं मग?" फौजदारांनी खालूनच विचारलं.

सोप्यातून म्हातारी बोलली, "तिनं बाजंसकट वडलं मला. झोप मोडली म्हनून म्या लय शिव्या घातल्या तिला."

फौजदारांनी दिराकडूनच गंजी उतरवून घेतली. पन्हळ धो धो वाहू लागली.

हाताबाहेर गेलेल्या गोष्टीत आधी माणूस हलवायचं, मग आधार द्यायचा, मग पाण्याला वाट करून द्यायची. हा क्रम भलेभले विसरतात. ती विसरली नव्हती. पुढं कुठल्याही गुन्ह्यात कुणी कबुली दिली, तरी तिथं आणखी काय काय हललंय ते मी आधी बघत असे.

निघताना पहार परत दिली. तिनं ती दाराआड उभी केली. "हितंच बरी," म्हणाली, "अजून पाऊस हाय."