गच्चीवरची वायर आणि कस्तुराबाईची हाक

कस्तुराबाईचा आवाज म्हणजे काय सांगावं! कन्नड तालुक्याच्या डोंगरात मेंढरांमागं वाढलेली बाई; तिची हाक या टेकडीवरून त्या टेकडीला जायची. पण शहरात, चिकलठाण्यात बिऱ्हाड केलं आणि नवरा, त्रिंबक, ऊठसूट म्हणू लागला, "अगं हळू बोल, लोकं काय म्हणतील?" पार कुजबुजायला लावलं बिचारीला.

आज तिची लेक दिपाली खो-खोचा अंतिम सामना खेळणार होती, तोही टीव्हीवर! पोरीचा खेळ आईनं कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आणि टीव्हीवर नुसते चौकोन, नाहीतर 'सिग्नल नाही'. शेजारी जाऊन बघ म्हणावं, तर लोकाच्या घरात तोंड दाबून बसायची तिची तयारी नव्हती.

घोळ सगळा त्रिंबकचा. गच्चीवरच्या डिशच्या छत्रीपासून टीव्हीपर्यंत त्यानं जपून ठेवलेले वायरीचे तुकडे जोडलेले, पीळ देऊन वर चिकटपट्टी. गावाकडं विहिरीच्या मोटारीला असंच करायचा ना!

"करंट जातो, मग टीव्हीच्या चित्राला काय धाड भरली?" तो म्हणाला.

"मोटार चालायची तसल्या वायरीवर, माझी पोरगी नाय दिसत! दुकानदार म्हणला, अखंड वायर पाहिजे. आणलीय मी. चढा वर."

त्रिंबक कुरकुरत चढला. दुकानदारानं दाखवलं होतं तसं कस्तुराबाईनं खाली वायरीचं टोक सोललं, बाहेरच्या जाळीचा एक तंतूही मधल्या तारेला लागू दिला नाही आणि कनेक्टर घट्ट बसवला. खिडकीपाशी वायर दुमडू न देता सैल वळण दिलं. वर त्रिंबकनं दुसरं टोक छत्रीला आवळलं.

"आलं का गं?"

पडद्यावर मैदान उमटलं. लख्ख! दिपालीच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. "आलं," कस्तुराबाई सवयीनं पुटपुटली.

"ऐकू येईना! जोरात बोल की!"

जोरात? हा माणूस म्हणतोय? तिला हसूच फुटलं. तेवढ्यात दिपालीला खो मिळाला.

"आलंऽऽ! पळ दिपेऽऽ, पळ!"

गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. कस्तुराबाई ओशाळली, पदर तोंडाला लावला. त्रिंबक धापा टाकत जिना उतरून आला, पडद्यावरच्या लेकीकडं बघतच राहिला.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "ऐकू दे लोकांना. वरड!"