आक्कानं भरून ठेवलेलं

दाजींचा फोन मला कधी येत नसे. उभं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांचे कान कामातून गेलेले. समोर उभं राहून ओरडलं तरच त्यांना ऐकू येतं. म्हणून त्या सकाळी निपाणीच्या आमच्या शाळेत वर्गावर निघाले असताना मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हाच काय ते मला कळलं. पलीकडून ते एकटेच बोलले. "शालन गेली गं. तू काय बोलतीस मला ऐकू येत न्हाय. तू ये." त्यांनी फोन बंद केला नाही. कसा करायचा ते त्या घटकेला सुचलं नसावं. मी व्हरांड्यात फोन कानाला लावून उभी राहिले. बेळगावच्या त्यांच्या घरात कुणीतरी पाणी मागत होतं, कुणीतरी सतरंजी झटकत होतं... मी "दाजी, दाजी" म्हणत राहिले आणि मुलं वर्गाच्या दारातून माझ्याकडं बघत राहिली.

शालनआक्का माझी थोरली बहीण, दाजी तिचे यजमान. आम्ही बोरगावच्या. ती लग्न होऊन बेळगावातल्या वडगावला विणकरांच्या घरात गेली आणि तिथलीच झाली. तिच्या हातचं जेवलेला माणूस तिला विसरत नसे, पण ती सुगरण म्हणून नव्हे. तिच्या घरात काही वाया जात नसे म्हणून. दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा, उरलेल्या भाताचे सांडगे, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत. पाहुण्यानं ताटात चार शितं ठेवली तरी ती काही बोलत नसे, नुसती त्या शितांकडं बघायची, आणि पाहुणा मुकाट्यानं ती उचलायचा. मी लहान असताना तिला चिक्कू म्हणून चिडवायची. टाळेबंदीत वडगावातले माग थांबले, साड्या घ्यायला कुणी येईना, तेव्हा तिनं आपलं आणि शेजारचं अशी दोन घरं कित्येक महिने नुसत्या फडताळातल्या डब्यांवर चालवली. हुलगे, जवस, वाळवलेली गवार, बरणीच्या तळाचं लोणचं. शेजारणीला वाटायचं आक्काकडं भरपूर आहे, म्हणून ती वाटी पुढं करते. भरपूर काहीच नव्हतं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि मग मी तिला चिक्कू म्हणायचं सोडलं.

टाळेबंदी उठल्यावर त्यांच्या गल्लीतलं आइस्क्रीमचं एक दुकान बंद पडलं. तिथला आडवा, पेटीसारखा फ्रीजर भंगारात निघाला होता, तो दाजींनी आणून दुरुस्त केला. स्वयंपाकघरात तो मावेना, आणि मोठ्या पिनचा पॉइंट घरात एकच, बाहेरच्या सोप्यात. म्हणून फ्रीजर सोप्यातच बसला, कोचाच्या बाजूला. आक्काला जणू दुसरं फडताळ मिळालं. स्वस्ताईच्या दिवसांत ओल्या हरभऱ्याचा सोलाणा, पावटा, तुरीचे ओले दाणे सोलून ती भरून ठेवायची आणि उन्हाळ्यात आम्हाला जेवायला बोलवायची.

गेल्या दिवाळीच्या आसपास तिला घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पेज. अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टरांनी दाजींना सांगितलं ते त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून ते मला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. दवाखान्याच्या त्या बोळात, आक्का बाकावर बसलेली असताना. हळू सांगायची सोयच नव्हती. तिनं सगळं ऐकलं. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली की फडताळातलं सगळं जुनं होत चाललंय, संपवायला हवं.

दर शनिवारी शाळा सुटली की मी बस पकडून तिच्याकडं जायची. प्रत्येक वेळी बघावं तर ती गॅसपाशी खुर्ची टाकून बसलेली. अंगावरचं लुगडं सैल होत चाललेलं, नाकातून नळी घातलेली, आणि समोर पातेलं शिजतंय. बाजारातून काही आणायचं नाही, घरात आहे तेच, असं तिनं ठरवलं होतं. अर्धा डबा मटकी, पाव बरणी हुलगे, डाळीचा चुरा, आधीच गोठवलेला पावटा. एकेका डब्याचा तळ दिसेपर्यंत ती शिजवत गेली. दाजींना चहासुद्धा करता येत नाही. तिनं उसळी केल्या, आमट्यांचे घट्ट गोळे केले, एका माणसाला एका वेळी पुरेल एवढं पिशवीत भरलं. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या नाहीत. दाजींना चष्म्याशिवाय दिसत नाही, पण मागावरच्या रंगांत त्यांची चूक व्हायची नाही. म्हणून तिनं सुताचे तुटके दोरे घेऊन पिशव्या बांधल्या. हिरवा दोरा पावट्याला, पिवळा डाळीला, तांबडा हुलग्यांना.

चव बघायचं काम माझं. तिला थेंबसुद्धा गिळता येत नव्हता. ती पळी माझ्यापुढं करायची. "मीठ बघ गं." मी गिळायची आणि ती माझ्या तोंडाकडं नाही, गळ्याकडं बघायची. घास खाली उतरतो तिथं. ती नजर मला सहन व्हायची नाही. एका शनिवारी मी पळी ठेवून दिली आणि म्हटलं, पुरे कर आता, दोन महिने झोपून काढ, दाजींना कुणी उपाशी ठेवणार नाही. तिनं ती पळी पुसून पुन्हा हातात घेतली.

"सा महिनं पुरंल एवढं करून ठेवायचं," ती म्हणाली. तिचा आवाज तोवर नुसता वारा झाला होता. "तवर ह्येंना सवय हुईल."

"कशाची?" मी विचारलं.

तिनं पातेल्यात पाणी ओतलं.

त्या फोननंतर मी पोचले तेव्हा तिला सोप्यात खाली निजवलं होतं. तिची एकुलती मुलगी सुजाता मस्कतला असते. तिला पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार होणार होती, तोवर आक्काला ठेवायला हवं होतं. कुणीतरी बर्फाची काचेची पेटी भाड्यानं आणली. दोघं माणसं पेटी धरून उभी, वायर हातात, आणि पॉइंट कुठं आहे म्हणून विचारतायत. सगळे रडत होते. घर मला माहीत होतं. मी कोचामागं हात घातला, तिथली पिन उपसली आणि पेटीची लावली. पेटीच्या काचेवर हळूहळू धुकं धरलं. मला त्या वेळी बरं वाटलं, आपण आक्कासाठी काहीतरी केलं म्हणून.

सुजाता आली, सगळं झालं, पेटीवाले पेटी घेऊन गेले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे डबे देत होते, ते खाऊन माणसं जात होती. फ्रीजरवर लोकांनी गाद्या-चादरींच्या घड्या रचल्या होत्या. पाचव्या दिवशी घरात आम्ही तिघंच उरलो. सुजाताला दोन दिवसांनी परत जायचं होतं. ती दाजींच्या कानाशी जाऊन म्हणाली, आईनं करून ठेवलंय ते खायचंय मला. दाजी आक्काच्या दुखण्यात रडले नव्हते, तेव्हाही रडले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. त्यांनी घड्या उचलून खाली ठेवल्या आणि झाकण उघडलं.

वासानं आम्ही मागं सरलो. पिशव्या फुगल्या होत्या. तळाशी पाणी साचलं होतं आणि त्यात दोऱ्यांचे रंग उतरले होते. सुजाता कोचामागं वाकली. "पिन कुणी काढली?" तिनं विचारलं. मला आठवलं. तोवर खरंच आठवलं नव्हतं... माझा हात, ती पिन, काचेवरचं धुकं. मी म्हटलं, मी. ते तोंडातल्या तोंडात निघालं. दाजींनी सुजाताकडं बघितलं, काय म्हणाली म्हणून. सुजातानं सांगितलं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. मग मला त्यांच्यासमोर जाऊन ओरडावं लागलं. "मी काढली, दाजी. पेटी लावायला मी काढली, आणि परत लावायची विसरले." गल्लीतली एक बाई दारात थबकली. आपला गुन्हा असा गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं कबूल करण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

दाजी फ्रीजरवर वाकले. त्यांनी हात घालून मधली एक पिशवी काढली, हिरव्या दोऱ्याची. ती अजून थोडी गार होती. एवढी उकळून घेऊ, ते म्हणाले. सुजातानं पातेलं आणलं. मी ते हिसकावून घेतलं. विष झालंय ते, मी ओरडत होते, आणि सुजाताही ओरडत होती की तुला काय अधिकार आहे, मावशी... आम्ही दोघी आक्काच्या स्वयंपाकघरात एका पातेल्यासाठी झोंबलो. तिला जाऊन पाच दिवस झाले होते.

शेवटी दाजींनीच ती पिशवी खाली ठेवली. घरामागच्या परड्यात शेवग्याखाली त्यांनी खड्डा काढला. कचऱ्याच्या गाडीत द्यायचं नाही, म्हणाले. एकेका पिशवीची गाठ ते सोडत होते, फाडत नव्हते. भाकरीबरोबरचं कोरड्यास, उसळी, आमट्या, सगळं मातीत गेलं. जिनं आयुष्यात शीत टाकलं नाही तिचं सगळं. मी बादलीनं ओतत होते आणि रडत होते. माती ओढून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पिन तिच्यासाठीच काढलीस न्हवं." त्यांनी मला सोडवायला ते म्हटलं, हे मला कळतं. पण मी सुटले नाही. रोज भाताचा घास घेताना गळ्यापाशी काहीतरी थांबतं, आणि मग मी ताट सारते. सुजातानं मस्कतला गेल्यापासून मला फोन केलेला नाही. मी केलेले तिनं उचललेले नाहीत.

आता दीड महिना झाला. गेल्या शनिवारी मी वडगावला गेले. मी मटकीची उसळ करून नेली होती. दाजींनी खाल्ली, मीठ कसं आहे ते सांगितलं नाही. सकाळी ते भात लावतात म्हणे, कधी करपतो, कधी कच्चा राहतो. फडताळातले डबे घासूनपुसून पालथे घातलेले. सोप्यात फ्रीजर होता तिथंच, आणि चालू होता. मी झाकण उघडून बघितलं. आत काही नाही. धुऊन कोरडा केलेला पांढरा तळ, आणि कडेनं नवा बर्फ धरलेला. मी त्यांच्या समोर जाऊन मोठ्यानं म्हटलं, दाजी, बंद करा की हा, रिकामाच चाललाय.

त्यांना ऐकू आलं असावं. ते उठले, फ्रीजरपाशी गेले आणि त्याच्या पत्र्यावर तळवा टेकून उभे राहिले. मोटरीचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, ते हातानं बघतात. दिवसातून किती वेळा बघतात कोण जाणे, पत्र्यावर त्या जागेचा रंग जरा मळलाय.

"चालू हाय," ते म्हणाले. हात त्यांनी तसाच ठेवला होता.