धनी तेवीस दिवस राहिले

माझ्या सासूबाईंचं नाव मकवाला. गुरियात, आमच्या वरच्या अंगाच्या सहा-सात गावांत, कुणाच्या पोराला गोवर आला की माणूस आधी धावायचा तो तिच्याकडे, डॉक्टरकडे मागाहून. गोवर आला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही म्हणा. धनी आलेत, म्हणायचं. समुद्रापलीकडून पाहुणे आलेत, पोराच्या अंगात उतरलेत, त्यांचा मान ठेवायचा, गोड बोलायचं, म्हणजे ते हसत जातात आणि पोर मागे ठेवतात. मकवाला तिची चार तारांची चोंगुरी घेऊन जायची आणि उशाशी बसून गायची. तिचं गाणं ऐकून म्हणे तापातली पोरं तर झोपायचीच, त्यांच्या आयाही बसल्या जागी डुलक्या घ्यायच्या.

'म्हणे' म्हणते, कारण लग्न होऊन आल्यापासून सात वर्षं मी त्या बाईचं गाणं काही ऐकलं नव्हतं. बोलणं मात्र पोटभर ऐकलं.

खोटं कशाला बोलू, मीही काही गरीब गाय नव्हते. गुरियाचं माणूस आधी भडकतं आणि मग कारण शोधतं, त्यात मी घरात सगळ्यांत तिखट. तेव्हा चहाचा कारखाना बंद पडला होता आणि माझा नवरा मुर्ताज घरी बसून होता. वीज दिवसातून दोन तास यायची. मला बातुमी शहरात बहिणीकडे जायचं होतं, तिथे शिवणाचं काम मिळत होतं. मुर्ताजला जायचंही नव्हतं आणि राहायचंही नव्हतं. सासूबाईंचं एकच पालुपद, "मी जिवंत असेपर्यंत या घराची चूल विझणार नाही." भांडण घेवड्यातल्या मिठावरून सुरू व्हायचं, फाटक उघडं राहिलं म्हणून सुरू व्हायचं, आणि संपायचं ताट फुटल्यावर. शेवटी शेवटी घरात सारखी दोन ताटं उरली नव्हती.

या सगळ्यात नुत्सा होती, माझी मुलगी, सहा वर्षांची. आवाज चढला की ती टेबलाखाली जायची आणि कानांवर हात दाबून बसायची. मग तिचे हात थरथरायला लागले, भांडण नसतानाही. चमच्यातलं सूप तोंडापर्यंत पोचायचं नाही. बोलताना शब्द अडायला लागला. त्यात सासूबाई आणि मी तो हिवाळाभर एकमेकींशी बोलत नव्हतो, निरोप पोरीकडून. "तुझ्या आईला सांग, दूध उतू गेलंय." "तुझ्या आजीला सांग, मला डोळे आहेत." पोर बिचारी मध्ये उभी राहून "आ-आ-आजी" करत बसायची.

तालुक्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला तपासलं, हात हातात धरून बराच वेळ बसले. म्हणाले, "हिला औषध नाही. घरातला आवाज खाली आणा. हिला जवळ घ्या, हिच्याबरोबर सावकाश श्वास घ्या, काही गा-बिगा." परतीच्या बसमध्ये आवाज कुणाचा मोठा यावरून मी आणि मुर्ताज असे भांडलो की ड्रायव्हरनं गाडी थांबवली. नुत्सा सीटखाली होती.

एप्रिलमध्ये तिच्या कानामागे लाल पुरळ दिसला आणि सासूबाईंनी दारातच हात जोडले. "या धनी, या. घर तुमचंच आहे." असा मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

धनी घरात असले की आवाज चढवायचा नाही. दार आपटायचं नाही, सुई हातात धरायची नाही, कोंबडी कापायची नाही. पोर मागेल ते द्यायचं. पलंगावर लाल शाल घातली, उशाशी रानातली जांभळी फुलं ठेवली, दोरीला अक्रोड आणि सफरचंदं टांगली. मुर्ताज, हा सहा फुटी गडी, मोजे घालून चवड्यांवर चालायला लागला. धन्यांना राग येऊ नये म्हणून कुत्र्यालासुद्धा "बसा जरा" म्हणायचा.

गाण्याला तीन आवाज लागतात. मधला सासूबाईंचा, तोच गाणं उचलतो. वरचा शेजारच्या ओलिंपियादाचा. खालचा आवाज धरणारी बाई त्याच हिवाळ्यात वारली होती.

"खालचा कोण धरणार?" ओलिंपियादानं विचारलं. "मुर्ताज?"

"तो धरेल आणि धनी उठून पळतील," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "त्सिरा, तू बस." सगळ्या हिवाळ्यानंतर माझ्याशी थेट बोललेला पहिला शब्द.

"मला नाही येत."

"त्यात यायचं काय आहे? एकच सूर धरायचा. फक्त घाई करायची नाही, आणि तुला जन्मात तेवढंच जमलेलं नाही. इकडे ये. माझ्या पाठीला पाठ लाव. मी श्वास घेईन तेव्हा तू घे."

मी पाठ लावली. हाडं टोचत होती म्हातारीची. तिचा श्वास माझ्या बरगड्यांना कळत होता, आत जाताना, मग बराच वेळ बाहेर येताना. पहिल्यांदा मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सूर लागला आणि लागलेला राहिला. गाणं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही, पण थांबलं तेव्हा माझा जबडा सैल पडला होता. तो इतकी वर्षं आवळलेला होता हे मला तेव्हा कळलं. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

आणि नुत्सा. अंगात ताप, डोळे लाल, आणि पोर हसत होती. दुसऱ्या दिवशी तिनं कप स्वतः धरला. चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, आजी आणि तू पुन्हा पाठीला पाठ लावून बसा." एका दमात, कुठेही न अडता. मुर्ताज ओट्यावर जाऊन उभा राहिला, बराच वेळ आत आला नाही.

नवव्या दिवशी पुरळ वाळला. आता धन्यांना वाटेला लावायचं असतं. फांदीचा घोडा करतात, त्याच्यावर गोडाची पुरचुंडी बांधतात आणि गात गात गावाच्या हद्दीपर्यंत पोचवून येतात. सासूबाईंनी नुत्साचं पोट पाहिलं, पाठ पाहिली, शाल परत ओढली.

"अजून नाही गेले," त्या म्हणाल्या. "मला त्यांच्या चाली ठाऊक आहेत."

बाराव्या दिवशीही नाही. पंधराव्या दिवशी नुत्सा अंगणात कोंबड्यांमागे धावत होती आणि तरी धनी घरातच होते. ओलिंपियादा गायला यायची आणि जाताना कुजबुजायची, "मकवाला, तुझे धनी काय बिऱ्हाड करून राहिलेत होय गं? जास्त दिवस ठेवले तर बिथरतात हो. माझ्या आजीनं सांगितलंय."

"तुझी आजी दही लावायची तेही नासायचं," सासूबाई म्हणाल्या, अर्थात हळू आवाजात.

मला कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं. कुणी बोलत नव्हतं, कारण घरात सुख होतं. आम्ही जेवताना नुसतं जेवत होतो. मुर्ताजनं कुंपण दुरुस्त केलं. संध्याकाळी गाण्याला बसलो की नुत्सा आमच्या दोघींच्या मध्ये शिरायची, एक कान माझ्या पाठीला, एक तिच्या.

तेविसाव्या दिवशी बहिणीचा निरोप आला की बातुमीच्या दुकानात जागा आहे, सोमवारी ये. मी सासूबाईंना विचारलं, अगदी हळू विचारलं. त्या अक्रोड फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "धनी घरात असताना कुणी उंबरा ओलांडून मुक्कामाला जात नाही."

माझ्या डोक्यात काय शिरलं सांगते. मला वाटलं, ही सगळी गोडी, हे पाठीला पाठ लावणं, सगळं मला खुंटीला बांधायला होतं. मला फसवलं, असं वाटलं. आणि मी ओरडले. "कुठले धनी? चौदा दिवस पोरीच्या अंगावर एक ठिपका नाही. तुम्ही खोटारड्या आहात सासूबाई, पोरीच्या आजारावर घर चालवताय." मुर्ताज आत आला आणि त्यानं आधी आईला झापलं आणि मग मला. पहिलं ताट कुणी फोडलं आठवत नाही. मीच असणार.

नुत्सा टेबलाखाली गेली.

तेव्हा सासूबाईंनी चोंगुरी घेतली, जमिनीवर टेबलाजवळ बसल्या आणि गाणं उचललं. एकटीनं. एक ओळ गाऊन थांबल्या. पाठ माझ्याकडे होती, त्या श्वास घेताना दिसत होत्या. खालच्या सुरासाठी थांबल्या होत्या.

मी गायले नाही. एवढा एक सूर धरायचा होता. मी उभी राहिले, म्हटलं, हिची जिरली पाहिजे.

त्या दुसऱ्यांदा थांबल्या, मग चोंगुरी बाजूला ठेवली. "तुझ्यासाठी नव्हते ठेवले गं त्यांना," एवढंच म्हणाल्या.

आठवड्यानंतर एका सकाळी मी नुत्साला उठवायला गेले तर ती जागीच होती. लाल शाल तिनं स्वतः पेटीतून काढून अंगावर घेतली होती. हात, पोट, मान, सगळं लाल फोडांनी भरलेलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसायचा प्रयत्न करत होती.

"आई, ध-धनी परत आले," ती म्हणाली. "आता हळू बोला."

कुंपणामागे आग्याचं रान माजतं, त्याला हात लागला तरी दिवसभर आग होते. मुठीनं उपटून तिनं तो पाला अंगभर चोळला होता. पलंगाखाली चुरगाळलेली पानं होती. मी ती बघितली, मुर्ताजनं बघितली. आणि देवा मला क्षमा कर, पुढच्या मिनिटाला आम्ही दोघं भांडत होतो, पोरीवर लक्ष कुणी ठेवायचं होतं यावर.

सासूबाई त्यात पडल्या नाहीत. त्यांनी नुत्साच्या अंगाला दही लावलं, तिला कपडे घातले, एका बोचक्यात लोकर आणि मक्याचं पीठ बांधलं आणि चोंगुरी पाठीला लावली. वरच्या गावात त्यांच्या मेलेल्या भावाचं घर रिकामं होतं.

"कुठे निघालीस?" मुर्ताज म्हणाला. "आणि चूल? तूच म्हणायचीस ना, विझू देणार नाही म्हणून?"

"विझू दे," त्या म्हणाल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, चाळीस वर्षं नांदलेलं घर, आणि मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. पोरीचा हात धरून चढ चढली. मी अडवलं नाही. अडवायला ओरडावं लागलं असतं.

मी बातुमीला गेले नाही. मग कशासाठी भांडले होते, ते विचारू नका.

दर रविवारी आम्ही दोघं वर जायचो, चीज भरलेली पोळी घेऊन. नुत्साचं बोलणं महिन्याभरात सुटलं, असं शेजारी सांगायचे. आमच्यासमोर मात्र ती हात पाठीमागे धरून उभी राहायची. पाचव्या रविवारी मुर्ताज खाली रस्त्यावर थांबला, मी एकटी फाटकापर्यंत गेले. सासूबाई बाहेर आल्या आणि फाटक मागे ओढून घेतलं.

"काल तिनं भरलेला कप टेबलापर्यंत नेला," त्या म्हणाल्या. "थेंब सांडला नाही. त्सिरा, आज आत नको येऊस."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी पोळी त्यांच्या हातात दिली आणि उतरले.

"काय झालं?" मुर्ताजनं विचारलं. हळू विचारलं. "झोपलीये," मी म्हणाले, तेही हळूच. तेवढं आम्हाला आता जमायला लागलं होतं. आमच्या घरात ते ऐकायला मात्र दुसरं कुणी नव्हतं.