यादीत नसलेला दोष

उंब्रजजवळच्या एका डेअरीत माझं पीएचडीचं काम चाललं होतं. तिथली पॅकिंग लाइन थांबली की दूध थांबायचं आणि किस्से सुरू व्हायचे. वर्षभरात इतके साठलेत की प्रबंध बाजूला ठेवून हेच छापावेत!

*

माझा विषय पेट्री नेट. गोल म्हणजे मशीनची अवस्था, रेघ म्हणजे घटना, आणि एका गोलातून दुसऱ्यात सरकणारी टोकनं. टोकनं म्हणून मी स्टोअरच्या टेबलावर चिंचोके मांडले. स्टोअरकीपर चौगुले बघत उभे.

"मॅडम, चिंचोकं खेळून डाक्टर होत्यात व्हय?"

"व्हय. तुमी बी बसा."

ते बसले, आणि आपण जिंकलो असं समजून उठले.

*

लाइन रोज थांबायची. मॅनेजरसाहेबांकडे दोषांची छापील यादी होती. त्यात सापडलं नाही तर ऑपरेटरची चूक, हा त्यांचा नियम. ऑपरेटर म्हणजे मुल्लाचाचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. दोन मेमो मिळाले होते, तिसऱ्याला घरी.

"यादीत नाही असाही दोष असतो, सर," मी म्हणाले.

"यादीत नाही म्हणजे नाहीच."

चौगुले खोकले. "साहेब, गेल्या इलेक्शनला माजं नाव यादीत न्हवतं. पर मी होतो की."

*

चाचांना चूक लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'मशीन थांबलं. मी थांबवलं नाही. चहा झाला की चालू करतो.'

*

मग साहेब माझ्याकडे वळले. रिपोर्टात ऑपरेटरची चूक लिहा, नाहीतर उद्यापासून डेटा बंद. मला लय राग आला. बेल्टच्या सुरुवातीला एक सेन्सर पिशव्या मोजतो, शेवटी दुसरा मोजतो. मध्येच एक पिशवी नाहीशी होते आणि आकडा जुळला नाही की लाइन थांबते, हे माझं नेट स्वच्छ सांगत होतं. चाचांचं पॅनल तिथून वीस पावलं लांब! नेटमध्ये त्या जागी मी एक कोरी रेघ ओढली, वर प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"डेटा ठेवा तुमच्याकडेच. सही करीन ती यावरच."

*

शेवटी हा वाद मिटवायला डेअरीचे डायरेक्टर आले. आम्ही सगळे बेल्टपाशी जमलो. लाइन झकास चालली होती. साहेब यादी वाचून दाखवत पुढं चालले होते. रोजच्या राउंडला करतात तसंच, बोलता बोलता त्यांनी बेल्टवरची एक पिशवी उचलली, तळहातावर जोखली आणि बाजूच्या क्रेटमध्ये टाकली.

ते चार पावलं पुढं गेले आणि लाइन थांबली.

"मुल्ला!" साहेब मागं न बघताच ओरडले.

चाचा डायरेक्टरांच्या शेजारीच उभे होते. पाठीमागं बांधलेले हात त्यांनी सावकाश पुढं आणले.

"आवं साहेब, माजं हात हितं हायत."